समुद्राकडची खोली

आमच्या गावात नवीन माणसाला आधी नाव विचारत नाहीत. "किती वर्षं?" असं विचारतात. म्हणजे कोर्स किती वर्षांचा. एक म्हटलं तर दूधवाला पैसे आगाऊ मागतो, तीन म्हटलं तर न्हावी खुर्ची झटकून देतो, आणि पीएचडी म्हटलं तर सगळेच जरा हळहळतात. माझं विद्यापीठाच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान आहे. खाऱ्या हवेनं कागद वळतो, मशीन अडकतं आणि पोरं माझ्यावर डाफरतात, जसा काही समुद्र मीच आणून ठेवलाय. मीही डाफरते. पण "किती वर्षं?" हे मीही विचारतेच, सवयच आहे ती.

माझ्या आत्यानं हा प्रश्न जेवढ्या लोकांना विचारला, तेवढ्यांना अख्ख्या गावात कुणी विचारला नसेल. तिला मात्र तो कधी कुणी विचारला नाही. ती इथलीच, म्हणजे तिला कशाला विचारायचं?

विद्यापीठाच्या माहितीपुस्तकात गावाचा इतिहास आहे. झेरॉक्स करून करून मला तो तोंडपाठ झालाय. कोणत्या साली कोणती इमारत, कुणाच्या हस्ते, सगळं आहे. त्यात नसलेला भाग मी सांगते. हे गाव बंदर होतं. मग खाडीत गाळ साचला आणि जहाजं दुसरीकडे जायला लागली. गोदामं ओस पडली, हमाल घरी बसले. कुणा शहाण्याच्या लक्षात आलं की एवढी मोठी छपरं फुकट पडून आहेत, तर तिथं कॉलेज काढावं. कॉलेजचं पुढं विद्यापीठ झालं. आजही दमट दिवसात जुन्या हॉलमध्ये गेलं, तर विद्येपेक्षा पोत्यांचाच वास जास्त येतो. आता मास्तर आले, पोरं आली, त्यांना राहायला जागा पाहिजे. गावाकडे काम नव्हतं, पण घरं होती. मग लोकांनी पुढच्या खोल्या भाड्यानं दिल्या आणि स्वतः मागं सरकले. अख्खं गाव आपल्याच घरात स्वयंपाकघराशेजारी राहायला गेलं ते अजून तिथंच आहे. वारा, उजेड, समुद्र हे सगळं येणाऱ्या-जाणाऱ्यांचं, आणि धूर, मोरी आणि मागचं दार राहणाऱ्यांचं. सुट्ट्या लागल्या की गाव इतकं रिकामं होतं की कुत्री भर रस्त्यात झोपतात. तेव्हा तरी माणसानं पुढच्या खोलीत जाऊन पाय पसरावेत की नाही? नाही. तेव्हा तिथं रंग काढतात.

आत्या लग्न होऊन आली ती समुद्राकडे उतरणाऱ्या गल्लीतल्या घरात. भाड्याच्या तीन खोल्या. खाली गल्लीकडची आणि जिन्याजवळची, वर समुद्राकडची. भाडेकरूंची नावं पाटीवर, पत्रावर, कुठं असतील तिथं असोत; घरात त्यांना खोलीच्याच नावानं ओळखायचे. "जिन्याजवळच्याला ताप आलाय." "गल्लीकडचीला अंडी चालत नाहीत." आत्या आणि काका, म्हणजे तिचे यजमान, रस्त्याच्या दाराला लागून असलेल्या बोळकांडीएवढ्या खोलीत झोपायचे. त्याला कारण होतं ते दार.

ते दार म्हणजे एक प्रकरणच होतं. जुनं, जाड लाकूड. समुद्राच्या हवेनं फुगायचं. काका दर उन्हाळ्यात रंधा मारायचे आणि ते पुन्हा फुगायचं. बाहेरून किल्ली फिरवून ते उघडत नसे. आतून कुणीतरी कडी धरून ते जरा वर उचलायचं आणि त्याच वेळी खालून गुडघ्यानं हिसका द्यायचा, तेव्हा कुठं ते हलायचं. नवीन दार का नाही बसवलं, असं मी एकदा विचारलं होतं. "दार चांगलंय की," काका म्हणाले, "फक्त उघडत नाही." काका बंदराच्या कचेरीतून विद्यापीठाच्या फाटकावर पहारेकरी म्हणून गेले. त्यांच्या पाळ्या बदलत्या, त्यामुळे दार उघडायचं काम आत्याचं. कुणी सकाळी पोहायला जाणार, कुणी प्रयोगशाळेतून अवेळी येणार, कुणी विसरलेलं पुस्तक न्यायला परत येणार. घंटा वाजायच्या आधीच ती उठलेली असायची, गल्लीत पाऊल वाजलं तरी तिला कळायचं. तिचा एक कान जन्मभर त्या दाराला चिकटलेला होता आणि उजवा गुडघाही त्यातच गेला.

दुसरा तिचा नियम टकटकीचा. "दिलेली खोली म्हणजे दिलेली खोली," ती म्हणायची. खोलीत माणूस असो नसो, टकटक करायची, "येऊ का?" म्हणायचं, आणि आतून "या" आल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. उत्तर आलं नाही तर चहा बाहेर ठेवून परत फिरायचं. तिची मुलगी, माझी आतेबहीण, लहानपणी स्वयंपाकघरात टेबलाखाली झोपायची आणि तिच्या अंगावरून मात्र सगळे येत-जात असायचे. पुढं तिनं लांबच्या शहरात स्वतःचा फ्लॅट घेतला, तेव्हा सगळ्यात आधी आपल्या खोलीला आतून बोल्ट बसवला.

आत्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, आणि ती सगळ्या गावाला माहीत होती. तिला समुद्राकडची खोली पाहिजे होती. दर वर्षी परीक्षा संपल्या की ती जाहीर करायची, "या वर्षी समुद्राकडची देणार नाही. मीच राहणार." पडदे धुवायची, गादीला ऊन दाखवायची आणि शेवटी आपली उशी वर नेऊन ठेवायची. आणि दर वर्षी कुणीतरी ट्रंक घेऊन दारात उभं राहायचं, आणि उशी खाली यायची. गल्लीत आत्याच्या उशीवरून लोक ऋतू ओळखतात, असं मी तिला चिडवायचे. "समुद्र काय पळून जातोय का?" असंही म्हणायचे. ती नुसती हसायची, कारण उत्तर द्यायचीही तिला ताकद नसायची.

त्या खोलीत सगळ्यात जास्त मुक्काम ठोकला तो कासवानं. शिंपल्यांवर प्रबंध लिहीत होता. हे नाव अर्थात आत्यानं ठेवलं. तीन वर्षांसाठी आला आणि नंतर किती राहिला हे त्यालाच विचारावं. आत्या चहा घेऊन वर जायची, टकटक करायची, "येऊ का?" म्हणायची आणि लगेच, "कितवं प्रकरण?" कासव मान खाली घालायचा. बिचारा काही दुष्ट नव्हता, पण एकदा चौथं प्रकरण सांगून पुढच्या वर्षी तो तिसरं म्हणाला, तेव्हा आत्या जिन्यातच बसली. शेवटी संपला प्रबंध. प्रती माझ्याच दुकानात निघाल्या. आत्या मुद्दाम आली, गठ्ठ्यावर हात ठेवला आणि त्याला म्हणाली, "आता यात काही घालायचं राहिलं नाही ना, बाळा?" तो नाही म्हणाला. तिनं गठ्ठा दोनदा थोपटला.

तो गेला आणि उशी वर गेली. मला वाटलं, चला, सुटली एकदाची. आठवडा झाला नसेल तोच एक नवे प्राध्यापक आले, बायको पोटुशी. मी त्या दिवशी तिथंच होते. त्यांना गल्लीकडची देता आली असती. पण बाईंनी जिन्यावर हात टेकला आणि म्हणाल्या, "वर हवा असेल ना?" झालं. मी उशी खाली आणली ती आपटलीच.

"अगं, अशा बाईला मी खाली कोंडू का?" आत्या म्हणाली. "गल्लीकडची खिडकी म्हणजे नुसतं भोक आहे."

"आणि तू राहतेस त्या खोलीला तर भोकही नाही."

"मी कुठं राहते? मी झोपते फक्त." मग उशी उचलून घेत, "आणि तेही नाही."

मी ते तेव्हा सोडून दिलं. माणसं दमलेली असताना असं काहीबाही बोलतात, असं मला वाटायचं. आणि या गावात दमलेलं नाही असं कोण आहे?

काका गेले. मुलीचा रोज फोन, "घर विक आणि इकडे ये." आत्याचं एकच उत्तर, "मला अजून समुद्राकडची मिळालेली नाही." मुलगी वैतागायची, मग मला फोन करून वैतागायची. तिचंही चूक नव्हतं. एकटी बाई, फुगलेलं दार, गेलेला गुडघा. पण आत्या रांगेत उभी होती आणि इतकी वर्षं उभं राहिल्यावर रांग सोडवत नाही.

मग विद्यापीठानं टेकडीवर वसतिगृह बांधलं. लिफ्ट, गरम पाणी, कार्ड दाखवलं की आपोआप उघडणारी दारं. बघता बघता गल्ली रिकामी झाली. खिडक्यांमधल्या "खोली भाड्याने देणे आहे" या पाट्या उन्हानं पिवळ्या पडल्या. लोकांनी विद्यापीठाला भरपूर शिव्या घातल्या. मीही घातल्या, माझ्या दुकानापुढूनच मोर्चा गेला होता, घोषणांची झेरॉक्स मीच काढली. आत्याकडे शेवटी एकच मुलगी उरली, समुद्राकडचीच. तीही परीक्षा संपवून, छत्री विसरून गेली.

आता मात्र खोली रिकामी होती आणि ती मागायला कुणी येणार नव्हतं. मी वाट बघत होते की उशी कधी वर जाते. पडदे धुतले गेले. गादीला ऊन लागलं. उशी खालीच.

"आता कशाची वाट बघतेस?"

"कुणी आलं तर?"

"कोण येणार आहे, आत्या? सगळी टेकडीवर कार्डं दाखवतायत."

"येतं कुणीतरी. आणि दार कोण उघडणार?"

मला तिचा राग आला आणि मग भीती वाटली. कारण रिकाम्या घरात ती पूर्वीपेक्षा जास्त उठत होती. पाऊल वाजलं नाही तरी उठायची. मी दुपारी डबा घेऊन जायचे, तर दार उघडं आणि ती कडी धरून उभी, गल्लीकडे बघत. डोळे लाल, खाली काळी वर्तुळं. "घंटा वाजली होती का?" मला विचारायची. एकदा तशीच उभ्या उभ्या डुलकी लागली आणि ती उंबऱ्यावर पडली.

आमचे डॉक्टर म्हणजे एके काळचे गल्लीकडचे. शिकायला आले आणि राहिले, अशा थोड्या वेड्यांपैकी एक. त्यांनी गुडघा बांधला, रक्तदाब बघितला आणि तोंड वाकडं केलं. "मावशी, तुम्ही झोपत नाही," ते म्हणाले. "किती वर्षं झाली नीट झोपून?"

बघा, विचारला अखेर कुणीतरी तिला तो प्रश्न. आत्या हिशोब करत बसली आणि मग तिनं तो नाद सोडला.

मला बाहेर नेऊन डॉक्टर म्हणाले, "हे असंच चाललं तर एक दिवस मावशी पडतील त्या उठायच्या नाहीत. गोळ्या देतो, पण त्या गोळी घेऊनही दाराकडे कान लावून बसतील. मला माहीत आहे. परीक्षेच्या दिवसांत मी कधीही आलो तरी घंटेला हात लावायची वेळ आली नाही." ते जरा शरमल्यासारखे झाले. त्यांनी शरमायलाच हवं होतं.

त्या रविवारी मी दुकान बंद ठेवलं. जेवण झाल्यावर तिची उशी काखेत मारली आणि म्हटलं, "चल वर." ती नाही-नाही म्हणाली, पण फार नाही. भांडायला जोर लागतो, तो तिच्यात उरला नव्हता. एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत, कठडा धरून, मध्ये थांबत ती चढली. मी मागून तिला आधार देत होते आणि जिना बांधणाऱ्याचा उद्धार करत होते. वर पोचल्यावर तिनं श्वास घेतला, पदर सारखा केला आणि दारावर टकटक केली.

"येऊ का?" ती म्हणाली.

मला हसू फुटलं. "अगं, कोणी नाही आत!"

"माहीत आहे मला," ती म्हणाली. तरी हलेना. कडीला हात लावायचा नाही आणि मागंही फिरायचं नाही. तिनं पुन्हा हात उचलला, पुन्हा खाली घेतला. तिचं तिलाही कळत होतं की हे भलतंच आहे, पण पाय उचलत नव्हता. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझं हसू कुठल्या कुठं गेलं. स्वतःच्या घरातली खोली, आणि बाई दारात पाहुण्यासारखी उभी. मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

मी तिच्या बाजूनं आत गेले, दार लावून घेतलं आणि आतून म्हटलं, "कोण आहे?"

बाहेरून पुन्हा टकटक झाली. मग, "मी. येऊ का?"

"या," मी म्हटलं.

ती आत आली. आधी खुर्चीवरच बसली, कारण भाडेकरूच्या पलंगावर बसायचं नसतं. पडद्याला नाव ठेवलं, कोपऱ्यातलं जळमट दाखवलं. मी उशी पलंगावर टाकली आणि तिला धरून तिथं नेलं. खिडकी उघडली तसा लाटांचा धो-धो आवाज खोलीभर झाला. समोर तो समुद्र, ज्याच्यासाठी एवढं रामायण. मी म्हटलं, "घे, बघ पोटभर."

ती खिडकीकडे पाठ करून आडवी झाली.

"हे काय? समुद्र बघायचा होता ना तुला?"

"समुद्र कुणाला बघायचाय?" ती म्हणाली. "ऐक जरा."

"काय ऐकू? लाटांशिवाय काही ऐकू येत नाही."

"दार येतंय का ऐकू?"

मी कान दिला. दार नाही, गल्ली नाही, घंटा तर नाहीच.

"लग्न करून आले तेव्हा ही खोली झाडायला वर आले होते," आत्या डोळे मिटून म्हणाली. "नवा भाडेकरू यायचा होता. जरा टेकले आणि लागला डोळा. तो खाली घंटा वाजवून वाजवून दमला. सासूबाई बाजारात. आल्यावर काय बोलल्या म्हणून सांगू. पण पोरी, तशी झोप मला पुन्हा कधी लागली नाही गं."

एवढं बोलून ती घोरायला लागली. मी चादर घातली. तिचा तोच कान, जन्मभर दाराला लावलेला, उशीत रुतून गेला होता. समुद्र काय पळून जातोय का, असं मी तिला किती वेळा म्हटलं असेल, ते आठवून मला माझीच चीड आली.

मी खाली आले, चहाचं आधण ठेवलं, आणि घंटा वाजली.

खरं सांगते, पहिल्यांदा मीही दचकले. मग कडी धरून दार उचललं, गुडघ्यानं रेटलं, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा उघडलं. दारात एक तरुण बाई उभी होती. चाक मोडलेली बॅग, काखेत नकाशांची लांब नळी, चेहरा प्रवासानं उतरलेला. विद्यापीठात नवीनच लागली होती. वसतिगृहात शिक्षकांना जागा नाही म्हणाले आणि नाक्यावरच्या दुकानदारानं हे घर दाखवलं. "इथं समुद्राकडची एक खोली मिळते म्हणे," ती म्हणाली. "फार दमलेय हो मी."

ते दिसतच होतं. आत्या दारात असती तर एव्हाना उशी खाली आली असती. माझ्याही तोंडावर आलं होतं. गल्लीकडची रिकामी होती, जिन्याजवळची रिकामी होती, यातली कुठलीही मी दाखवू शकले असते. पण मग दार कोण उघडणार? मी तिला चार घरं पलीकडचा पत्ता दिला, तिथं खोल्या चांगल्या आहेत आणि दारही सरळ उघडतं.

"आणि समुद्राकडची?" तिनं जाता जाता विचारलं. "ती कधी रिकामी होईल?"

या गावात या प्रश्नाला नेहमी उत्तर असतं. पुढच्या वर्षी, परीक्षा झाल्यावर, प्रबंध संपला की. मी वर जिन्याकडे बघितलं.

"आजच एक बाई राहायला आल्यात," मी म्हटलं. "किती वर्षं, ते विचारलं नाही."

मग मी दार उचलून, आवाज न करता लावलं. वर काही ऐकू जाणार नव्हतं, तरी.